कोकणातून पहिलं ई-बुक काढताय? किंमत ठरवण्याआधी हे वाचा

मालवण, राजापूर, दापोली, कणकवली, सगळीकडून हल्ली एकच प्रश्न येतो, आमच्याकडे लिहून तयार आहे, ई-बुक करायचंय, किती रुपये ठेवू? कोणाकडे गावऱ्हाटीची, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या आणि मानपानाच्या रीतींची, सगळी माहिती असते, कोणाकडे आईच्या हातच्या माशांच्या रेसिपी, कोणी निवृत्त गुरुजी असतात ज्यांनी शाळेचा आणि वाडीचा इतिहास वह्यावह्यांतून लिहून ठेवलाय. आणि मी काही बोलायच्या आत बहुतेक जण स्वतःच उत्तर देऊन टाकतात, ४९ ठेवूया, नाहीतर फुकटच देऊया, कागद कुठे लागतोय.

कागद लागत नाही हे खरं. पण टायपिंग, संपादन, प्रूफं, मुखपृष्ठ, फाइल बनवणं, ही कामं करणारी माणसं तेवढीच लागतात. ओले काजूगर शेकड्यावर विकत घेताना भाव ऐकून शहरातला माणूस दचकतो, पण ज्याने एकदा तरी चिकाने हाताची कातडी जाईपर्यंत ते सोललेत तो भावाबद्दल कधी बोलत नाही. पुस्तकाचंही तसंच आहे, सोलणारे हात दिसत नाहीत म्हणून भाव जास्त वाटतो. तर किंमत हा शेवटचा आकडा आहे, त्याच्या आधी काय काय करायचं ते क्रमाने सांगते.

१. मजकूर खरंच तुमचा आहे ना ते आधी बघा

तुम्ही लिहिलंत की कॉपीराइट तुमचा, त्यासाठी कुठे नोंदणी करावीच लागते असं नाही. पण पुस्तकात शेजारच्या दादाने काढलेले दशावताराचे फोटो असतील, कोणाच्या कविता असतील, तर त्यांची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर "चालेल गो" एवढ्यावर जाऊ नका, निदान एक ईमेल तरी असू दे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या वह्या छापताय तर हक्क सगळ्या वारसांचा असतो, काका-आत्यांना आधी विचारा, नंतर घरात भांडणं नकोत. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यापेक्षा जुनं साहित्य मोकळं. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांची कविता तुमच्या मालगुंडवरच्या पुस्तकात घ्यायला कोणाला विचारावं लागत नाही, पण कालपरवाच्या कवीची घ्यायची तर विचारावंच लागतं.

२. सगळं युनिकोडमध्ये आणा

मोबाइलवर गूगल कीबोर्डने टाइप केलंत किंवा कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्टने केलंत तर ते युनिकोडच असतं, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणारी अक्षरं, काही करायचं नाही. प्रॉब्लेम जुन्या फायलींचा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी प्रेसवाल्याने श्रीलिपीत, म्हणजे जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये, केलेली फाइल आजच्या फोनवर नुसती चिन्हं दाखवते, ती कन्व्हर्टरमधून काढावी लागते आणि काढल्यावर रफार भलत्या अक्षरावर बसलेले असतात, "दऱ्या" आणि "तऱ्हा" मधला तो अर्धा र मोडतो, ॲ चे तीन प्रकार दिसायला लागतात. हे मशीन दुरुस्त करत नाही हो, कोणीतरी डोळे फोडून ओळ न ओळ बघतं. हाताने लिहिलेल्या वह्या असतील तर टायपिस्टला द्या, अक्षर बऱ्यापैकी असेल तर पानामागे दर ठरतो, आणि दर आधी ठरवा.

३. संपादन, इथे पैसे वाचवू नका

बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि माझं सगळ्यात जास्त म्हणणं इथेच आहे. संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणारा माणूस नव्हे, ते पुढचं काम. संपादक विचारतो की तिसऱ्या प्रकरणात तुम्ही देवराई गावाच्या उत्तरेला सांगितलीत आणि सातव्यात ती नदीपलीकडे गेली, नक्की कुठे आहे. तो विचारतो की सौंदाळ्याच्या सारात चिंच की कोकमं, कारण साहित्यात कोकमं लिहिलीत आणि कृतीत चिंचेचा कोळ घातलात. तो सांगतो की पहिली वीस पानं घराण्याची वंशावळ आहे, ती शेवटी परिशिष्टात टाका नाहीतर वाचक तिथेच पुस्तक मिटेल. लेखकाला हे ऐकायला जड जातं, पण पुस्तक त्यातूनच उभं राहतं.

मालवणी असेल तर काम आणखी वाढतं. संवाद मालवणीत आणि निवेदन प्रमाण मराठीत ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे आणि छान दिसते, पण "खय" लिहायचं की "खंय", "माका" की "माकां", हे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखं राहायला पाहिजे. त्यासाठी संपादक वेगळ्या कागदावर शब्दांची यादी ठेवतो, कुठला शब्द कसा लिहायचा ठरलंय ती, आणि पुढे प्रूफ बघणाऱ्याला तीच यादी जाते. कुडाळकडची मालवणी आणि वेंगुर्ल्याकडची मालवणी सारखी नसते, रत्नागिरीकडे गेलात की बोलीच वेगळी, म्हणून त्या भागातलाच माणूस संपादनाला मिळाला तर फार बरं. आणि त्याला मानधन द्या, नुसती शाल-नारळ नको. आभाराच्या पानावर नाव घालणं हा मान झाला, मोबदला नव्हे.

४. प्रूफं

दोनदा, वेगवेगळ्या डोळ्यांनी, आणि लेखकाने स्वतः बघितलेलं प्रूफ त्यात धरायचं नाही कारण लेखकाला काय लिहिलंय ते दिसत नाही, काय लिहायचं होतं ते दिसतं. आपल्याकडे निवृत्त मराठीचे शिक्षक हे काम सुंदर करतात, फक्त "सर जरा नजर टाका" म्हणून दोनशे पानं पाठवू नका, पानाचा दर विचारा.

५. मुखपृष्ठ

ई-बुकचं मुखपृष्ठ वाचक आधी बघतो ते फोनवर, नखाएवढं. त्यात नाव वाचता आलं पाहिजे, एवढी एकच अट मी ठेवते. सावर्ड्याला आर्ट स्कूल आहे, सावंतवाडीला आहे, तिथून शिकलेली मुलंमुली उत्तम काम करतात, त्यांना ब्रीफ नीट द्या, किती वेळा बदल करणार ते आधी ठरवा आणि अर्धे पैसे आगाऊ द्या. इंटरनेटवरून उचललेला समुद्राचा फोटो टाकू नका, तो कोणाचा तरी असतो.

६. इपब करा, नुसती पीडीएफ नको

पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच जवळजवळ, फोनवर वाचताना बोटांनी ओढत बसावं लागतं. इपब हा खास ई-बुकसाठीचा फाइलचा प्रकार, त्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप बसतात, वयस्कर वाचकांना हे फार उपयोगी आहे आणि कोकणाबद्दलच्या पुस्तकांचे बरेच वाचक तेच, मुंबईत राहणारे. सिजिल आणि कॅलिबर हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत, शिकायला थोडे दिवस जातात. वर्डमधली फाइल देताना एकच गोष्ट करा, प्रकरणांची नावं नुसती ठळक करू नका, हेडिंगची स्टाइल लावा, अनुक्रमणिका त्यावरूनच तयार होते. फाँट आत घालायचा असेल तर मुक्त परवान्याचा घाला, "मुक्ता" (Mukta) नावाचा आहे, "टिरो देवनागरी मराठी" आहे, दोन्ही गूगल फाँट्सवर मिळतात. मग दोनतीन वेगवेगळ्या फोनवर उघडून बघा, जोडाक्षरं कुठे तुटतात ते तिथेच कळतं, कॉम्प्युटरवर कळत नाही.

७. आयएसबीएन

हा पुस्तकाचा ओळख क्रमांक. भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, लेखक स्वतःच प्रकाशक असला तरी चालतं. कोणी एजंट हजार रुपये मागत असेल तर देऊ नका. छापील पुस्तकाचा नंबर वेगळा, ई-बुकचा वेगळा. किंडलसाठी, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुकसाठी, सक्तीचा नाही पण घेऊन ठेवा.

८. आता हिशेब

वही काढा. समजा तुमचं पुस्तक दीडशे पानांचं आहे. टायपिंग ४,०००, संपादन १०,०००, प्रूफं ५,०००, मुखपृष्ठ ५,०००, इपब ३,०००, झाले २७,०००. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्याकडे कमीजास्त होतील. यात लेखक कुठेच नाही बघा! सगळ्यांचे पैसे धरतात आणि स्वतःचे शून्य. तुम्ही गावोगाव फिरलात, म्हाताऱ्या माणसांशी बोललात, एसटीचं तिकीट काढलंत, त्याचे निदान १३,००० तरी लिहा, म्हणजे ४०,००० होतील. एवढे पैसे पुस्तकाने परत आणले की ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं.

आता विक्री. ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करायच्या त्यांच्या सेवेवर, मराठी पुस्तक टाकता येतं, २०१६ च्या डिसेंबरपासून किंडलवर मराठी आहे. तिथे रॉयल्टीचे दोन पर्याय, ३५ टक्के आणि ७० टक्के. ७० टक्के पाहिजे तर किंमत ९९ ते ४४९ रुपयांमध्ये ठेवावी लागते, भारतातल्या विक्रीसाठी केडीपी सिलेक्टमध्ये नाव घालावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच विकायचं नाही, आणि शिवाय फाइलच्या दर एमबीमागे ७ रुपये डिलिव्हरीचे कापतात. अपलोड करायच्या दिवशी हे नियम त्यांच्या पानावर एकदा परत बघून घ्या, बदलत असतात.

तर कर बाजूला ठेवून गणित. फाइल दीड एमबीची धरू. किंमत ४९ ठेवलीत तर ७० टक्के मिळतच नाहीत, ३५ टक्क्यांनी हातात येतात सतरा रुपये आणि काही पैसे, ४०,००० भरून यायला तेवीसशेच्या वर प्रती विकायला लागतील. ९९ ठेवलीत आणि ७० टक्के घेतलेत तर प्रतीमागे ६२ च्या आसपास, साडेसहाशे प्रती. १५० ठेवलीत तर साडेसत्त्याण्णव, चारशे दहा प्रती. २९९ ला दोनशे प्रतींतच काम होईल असं कागदावर दिसतं, पण छापील पुस्तक अडीचशेला मिळत असेल तर २९९ चं ई-बुक कोण घेणार, आणि घेऊही नये.

एका तालुक्याच्या गावऱ्हाटीवरच्या पुस्तकाला तेवीसशे वाचक मिळवणं किती कठीण आहे ते लिहिणाऱ्यालाच माहीत. चारशे मिळतात. म्हणून ४९ ही किंमत दिसायला प्रेमळ असते पण तिच्यामुळे पुढचं पुस्तक निघत नाही, कारण संपादकाला दुसऱ्यांदा बोलवायला पैसेच उरत नाहीत.

छापील पुस्तकाशी तुलना करून बघा. २५० चं पुस्तक, विक्रेत्याचं आणि वितरकाचं कमिशन मिळून समजा ४० टक्के, शंभर रुपये गेले, पाचशेची आवृत्ती काढली तर कागद-छपाई-बाइंडिंग प्रतीमागे समजा ऐंशी, उरले सत्तर, त्यातून गठ्ठे पाठवायचा खर्च आणि पावसाळ्यात ओल लागलेल्या प्रती वेगळ्याच. १५० च्या ई-बुकमधून साडेसत्त्याण्णव उरतात. वाचकाला शंभर रुपये स्वस्त आणि तुम्हाला जास्त, दोघांचंही भलं. म्हणून मी साधारण असं सांगते की छापील किमतीच्या निम्मं ते साठ टक्के ही ई-बुकची रास्त किंमत, आणि छापील नसेलच तर वरचा हिशेब करून १०० ते १६० च्या दरम्यान काय बसतं ते बघा.

छापीलच्या जवळपास किंमत ठेवणं मला पटत नाही, त्याचं कारण वाचकाच्या बाजूने बघा. ई-बुक तो शेजाऱ्याला वाचायला देऊ शकत नाही, वाचनालयाला भेट देऊ शकत नाही, रद्दीत किंवा जुन्या बाजारात विकू शकत नाही. २००९ मध्ये तर ॲमेझॉनने काही पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत दिले पण पुस्तक गेलंच. वाचकाला कमी हक्क मिळतात तर पैसेही कमी घ्यायला हवेत.

फोटोवाल्या पुस्तकांसाठी हे खास वाचा. माशांच्या रेसिपीचं पुस्तक, प्रत्येक पानावर फोटो, फाइल झाली २० एमबी. ७० टक्क्यांचा पर्याय घेतलात आणि किंमत २०० असेल तर १४० रुपये नुसते डिलिव्हरीचे जातील, उरलेल्या ६० चे ७० टक्के म्हणजे ४२. त्यापेक्षा ३५ टक्के घेतले तर ७० मिळतात, त्याला डिलिव्हरी नाही! आणि फोटो नीट छोटे करून फाइल ४ एमबीवर आणलीत तर ७० टक्क्यांनी १२० मिळतात. फोनवर बघायला एवढा मोठा फोटो लागतच नाही, एका दुपारच्या कामाने प्रतीमागे पन्नास रुपये वाढतात. केडीपी रूपांतर झाल्यावर स्वतःच साइज दाखवतं, तो आकडा धरायचा.

कराचं एक. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-बुकवर आहे, छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकवर ५ टक्के, जुलै २०१८ पासून, आणि जे फक्त ई-बुकच आहे त्याला हा सवलतीचा दर नाही, तिथे १८ टक्के. म्हणून शक्य असेल तर प्रिंट ऑन डिमांडने, म्हणजे लागतील तेवढ्याच छापून, थोड्या तरी प्रती काढाव्यात. त्यातली एक आपल्या वाचनालयात ठेवा, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून आहे, अशा ठिकाणी गेलेलं पुस्तक कायम सापडतं. छापील प्रत राष्ट्रीय ग्रंथालय कोलकाता वगैरे ठिकाणी पाठवणं तर १९५४ च्या कायद्याने बंधनकारकच आहे.

९. कुठे विकायचं

किंडल झालं. मराठी वाचकांसाठी बुकगंगा आहे, गूगल प्ले बुक्स आहे, पण सिलेक्टमध्ये असताना तिथे टाकता येत नाही हे लक्षात ठेवा. केडीपीत अमेरिकेच्या कराचा फॉर्म येतो, तो घाबरून अर्धवट सोडू नका, पॅन नंबर घातलात तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात. पैसे महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी येतात, तर पहिल्या महिन्यात खात्यात काही दिसलं नाही म्हणून हिरमुसू नका.

स्वतः यूपीआयवर पैसे घेऊन फाइल पाठवणं हाही मार्ग आहे, कमिशन नाही, पण "ताई उघडत नाही" असे फोन तुम्हालाच घ्यायचेत, तो वेळ किमतीत धरा.

प्रकाशकामार्फत करत असाल तर करारात ई-बुकचे हक्क, ऑडिओचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या, रॉयल्टी छापील किमतीवर की हातात आलेल्या रकमेवर ते स्पष्ट लिहा, आणि मुदत घाला. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि हक्क कुठल्या देशांसाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत, हे बऱ्याच लेखकांना माहीत नसतं.

१०. सवलत, फुकट आणि फॉरवर्ड

सवलत द्यायची तर वेळ बघून द्या. गणपतीच्या आधीचे आठ दिवस आणि शिमगा, चाकरमानी गावाकडे निघालेले असतात, कोकण रेल्वेत आठ-दहा तास बसायचं असतं आणि बोगद्यांत नेटवर्क जातं, तर "निघायच्या आधी डाउनलोड करून ठेवा" हे पोस्टमध्ये लिहाच. केडीपी सिलेक्टमध्ये ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, ते सगळे एकदम वापरू नका.

कायमचं फुकट द्यायचं असेल तर जरूर द्या, तो तुमचा निर्णय. ई साहित्य प्रतिष्ठानसारखे लोक लेखकांच्या परवानगीने वर्षानुवर्षं पुस्तकं मोफत पोचवतायत आणि त्यांच्यामुळे कितीतरी नवे लेखक वाचले गेलेत. फक्त फुकट द्यायचं ते तुमचं स्वतःचं श्रम, चित्रकाराचं आणि संपादकाचं नव्हे, त्यांचे पैसे आधी चुकते करा.

आणि तुमच्या पुस्तकाची पीडीएफ गावच्या ग्रुपवर फिरताना दिसली, दिसेलच, तर आधी पाठवणाऱ्याला फोन करून शांतपणे सांगा की यामागे चार माणसांचं काम आहे, किंमत एवढी आहे, लिंक ही. आपल्याकडे बहुतेक लोक प्रेमानेच पाठवतात, त्यांना हा गुन्हा आहे हे माहीतच नसतं. ऐकलंच नाही तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, हेही कळू दे.

प्रकाशित झाल्यावर दर तीन महिन्यांनी वही उघडा, किती प्रती, किती रुपये, ४०,००० पैकी किती भरले. ९० दिवस झाले की सिलेक्टमध्ये राहायचं की बुकगंगावर जायचं ते तेव्हाच ठरवा, नाहीतर मुदत आपोआप पुढे जाते, बाहेर पडायचं असेल तर आपोआप मुदतवाढीचा टिकमार्क काढायला विसरू नका. वाचकांनी कळवलेल्या चुका एका ठिकाणी लिहून ठेवा, दहावीस साठल्या की दुरुस्त करून नवी फाइल चढवा, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. आणि खर्च भरून निघाला तर त्यानंतर येणाऱ्या पैशांतला काही भाग संपादकाला आणि चित्रकाराला द्यायचा की नाही हे सुरुवातीलाच त्यांच्याशी बोलून कागदावर घ्या.